लिल्याची माती

फकिरानं आजवर वैनगंगेतून सदतीस माणसं काढली होती. त्यातलं एकही जिवंत नव्हतं. जिवंत माणूस काढायला कुणी त्याला बोलावतच नसे, कारण तेवढा वेळ असतो कुठे! बुडणारा बुडून जातो, काठावरचे बोंबलून दमतात, मग कुणाला तरी आठवतं की करडी गावाच्या अलीकडे, नदीकाठच्या ढिवरटोलीत, मासेमारांच्या वस्तीत, फकिरा राहतो. मोटारसायकल येते, फकिरा हातातलं काम टाकतो, गळाचा दोर खांद्यावर घेतो आणि मागे बसतो. जागेवर पोचला की बुडालेल्याच्या घरच्यांना तो चार गोष्टी विचारतो. कुठून पडला, अंगात काय होतं, पोहता येत होतं का, आणि जेवला होता का. भरल्या पोटाचा लवकर वर येतो, उपाशी उशिरा, असं त्याचं गणित. उन्हाळ्यात दीड दिवस, पावसाळ्यात दोन, थंडीत चार. त्या मापानं तो आपली होडी, डोंगा, पाण्यात घालायचा आणि म्हणेल तिथं प्रेत लागायचं. प्रेत काठावर ठेवलं, तोंडावर दुपट्टा टाकला की हा आपला घराकडे. त्या घरचं तो पाणीसुद्धा घेत नसे.

या गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि का नसावा? "नदी माह्यापासून कोनाले लपवून ठेवत नाही," असं तो चहाच्या टपरीवर बसून म्हणायचा आणि ऐकणारे माना डोलवायचे. साठी उलटलेल्या माणसाला एखादी तरी गोष्ट अशी लागते, जी त्याच्याशिवाय गावात दुसऱ्या कुणाला येत नाही.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. वरच्या अंगाला पाऊस कोसळत होता आणि नदी काठ खात निघाली होती. ढिवरांचे डोंगे जांभळीच्या झाडांना बांधलेले. पाणी चढू लागलं तसा फकिराचा मुलगा लिलाधर आपला डोंगा वर ओढायला गेला. सोबत चुलतभाऊ ताराचंद होता. ताराचंद काठावर दोर धरून उभा, लिलाधर डोंग्यात. तेवढ्यात वरून एक अख्खं झाड वाहत आलं आणि डोंग्याला धडकलं. दोर ताराचंदच्या हातातून तळव्याची सालं घेऊन गेला. डोंगा पालथा झाला. पुढे वीस हातांवर लिलाधरचा एक हात वर दिसला, कोपरापर्यंत. मग तोही दिसला नाही.

फकिरा त्या वेळी करडीच्या बाजारात होता. निरोप मिळाला तसा धावत आला आणि अंगणात उभा राहून सुनेला, ज्योत्सनाला, म्हणाला, "जेवला होता का तो?"

ज्योत्सना चोवीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झालेली. ती भिंतीला टेकून उभी होती. "पेज पेली होती मामाजी," ती म्हणाली. "भात नाही खाल्ला. आल्यावर खातो म्हने."

"अंगात काय होतं?"

"अजी, असं काय इचारून राहिले तुमी?" आतून त्याची बायको बेबीबाई ओरडत आली. "परक्याचा मुडदा काढाले आले का तुमी? लिल्या आहे तो, लिल्या!"

फकिराच्या तेव्हा लक्षात आलं की आपण काय विचारत होतो. पण त्याला दुसरं काही विचारता येतच नव्हतं. गळाचा दोर घेऊन तो घाटाकडे गेला.

पहिला दिवस नदीनं डोंगा घालूच दिला नाही. दुसऱ्या दिवशी बचाव पथकाची नारिंगी बोट आली. बारकी बारकी पोरं, अंगात फुगीर जाकिटं. फकिरानं त्यांना सांगितलं की इथल्या पाण्याची ओढ डाव्या अंगाला जाते, खाली खडकाचा खड्डा आहे, तिथं पाहा. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "बाबा, तुम्ही घरचे आहात ना? तुम्ही बाजूला बसा." त्यानं खुर्चीसुद्धा आणवली. ज्या घाटावर इतकी वर्षं बाकीचे बसत आणि फकिरा पाण्यात उतरे, तिथंच आज फकिरा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि गावातली पोरं मोबाईलवर त्याचं शूटिंग काढत राहिली. पथकानं तीन वाजेपर्यंत शोधलं, चहा घेतला आणि गेलं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरू लागलं. आज वर येणार, असं फकिराचं गणित सांगत होतं. उजाडताच त्यानं ताराचंदला घेऊन डोंगा घातला. खडकाच्या खड्ड्यात गळ फिरवले, बेशरमाच्या झुडपांत बांबू घालून पाहिलं, कावळे कुठं बसलेत, कुत्री कुठं हुंगतात ते पाहिलं. एक गाय सापडली, एक गादी सापडली. ताराचंदच्या तळव्यांना चिंध्या बांधलेल्या, तरी तो वल्हं सोडत नव्हता. "माह्याच हातातून सुटला काका," एवढंच तो दिवसभरात दोनदा बोलला. फकिरानं त्याला दोष दिला नाही आणि दिलासाही दिला नाही. त्याचं सगळं चित्त पाण्यावर होतं.

घरी वेगळीच तऱ्हा झाली होती. गावात माणूस मेलं की बायका वेशीपासूनच रडत येतात. घरच्या बाईच्या गळ्यात पडतात, मेलेल्याचे गुण काढून रडतात, आणि त्या रडण्यानं घरच्या माणसाला वाट मिळते. इथं पहिल्या दिवशी शेजारची रत्नमाला तशीच रडत आली, तर बेबीबाईनं तिला दारातच अडवलं.

"रडू नोको. अजून भेटला नाही तो. आमच्या घरी कोनी मेलं नाही."

झालं. त्यानंतर जी बाई येई ती मुकाट्यानं भिंतीला लागून बसे. काय बोलावं ते कुणाला कळत नसे. रडावं तर जित्या माणसाला मारल्यासारखं, न रडावं तर आलो कशाला? मग कुणी पावसाचं काढी, कुणी धानावरच्या रोगाचं. चूल पेटवावी की नाही हेही ठरेना. घरात प्रेत असतं तर शेजाऱ्यांनी शिजवून आणलं असतं. प्रेत नव्हतं, म्हणून बेबीबाईच शिजवायची, आणि लिल्यासाठी वेगळं काढून ठेवायची. ज्योत्सना हातात बांगड्या, कपाळाला टिकली अशी बसून असायची. तिच्याकडे बायका पाहत आणि नजर वळवत. तिलाही आपल्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. ती ते पदराखाली घेऊन बसायची.

चौथा दिवसही तसाच गेला.

पाचव्या दिवशी सकाळी ठाण्यातून फोन आला. खाली, पुलापलीकडच्या एका गावाला प्रेत लागलं होतं. पुरुषाचं, तरणं, अंगात निळा बर्मुडा. लिलाधरच्या अंगातही निळाच होता.

बेबीबाईनं ते ऐकलं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा ती खाली बसली. "आना त्याले," म्हणाली. "मी पानी तापवून ठेवतो." ती चुलीजवळ गेली आणि आंघोळीच्या पाण्याचं मोठं गंज चढवलं. फकिरा निघाला तेव्हा बायका दारात गोळा व्हायला लागल्या होत्या. कुणीतरी ज्योत्सनाजवळ जाऊन बसलं. रडण्याची तयारी झाली होती, आता फक्त प्रेत यायचं होतं.

काठावर चटईत प्रेत ठेवलेलं. ठाण्याच्या जमादारानं नाकाला रुमाल लावून चटई उचलली. चेहरा राहिलाच नव्हता, माशांनी आणि पाण्यानं नेला होता. उंची तीच, बांधा तोच. फकिरानं असली प्रेतं कितीतरी पाहिली होती, त्यामुळे त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो थेट पायांशी जाऊन बसला.

ढिवराच्या पोरांचे पाय लहानपणापासून डोंग्याच्या काठाला धरून धरून पसरतात. लिल्या तर सात वर्षांचा असल्यापासून डोंग्याच्या पुढल्या टोकाला उभा राहायचा आणि मागे वल्हं मारताना फकिराच्या डोळ्यांसमोर तेवढे दोन पाय असायचे. पंख्यासारखी फाकलेली बोटं, करंगळी अगदी बाहेर गेलेली. समोरच्या प्रेताची बोटं एकाला एक चिकटलेली होती. बुटात वाढलेला पाय होता तो.

"पटली का ओळख?" जमादारानं विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही हे प्रकरण मिटलेलं हवं होतं. "पटली असेल तर सही करा, तुमच्या ताब्यात देतो. नाही भेटला तर मग तुमचा मुलगा बेपत्ता म्हणून राहील. सात वर्षं. तोवर मृत्यूचा दाखला नाही, काही नाही."

ताराचंद मागून वाकला आणि कानाशी कुजबुजला, "काका, हो म्हना गा. कोनाचा का असेना, माती तं होईन. काकूनं पानी तापवलं आहे."

खरं सांगायचं तर 'हो' फकिराच्या ओठांपर्यंत आलं होतं. हे प्रेत नेलं तर तासाभरात घरात रड उठेल, ज्योत्सना मोकळी होईल, बेबी लिल्याचं जेवण काढून ठेवायची थांबेल. कुणाला कळणार होतं? पण मग त्याच्या मनात आलं की वरच्या कुठल्यातरी गावात एक बाई आत्ता असंच पाणी तापवत असेल. आपण हा नेला तर तिनं कुणाची वाट पाहायची? सदतीस घरांना त्यानं त्यांचं माणूस आणून दिलं होतं. एका घरचं चोरून नेणं त्याच्या हातून होईना.

"माहा नाही हा," तो म्हणाला.

"नीट पाहा बाबा."

"पाह्यलं. याची माय येईन तिकडून. दोन-चार दिवस ठेवा याले."

घरी परतला तेव्हा अंगणात पंचवीसेक बायका होत्या. त्यांच्यामधून वाट काढत तो आत गेला. गंजातलं पाणी खळखळत होतं. बेबीबाई उठून उभी राहिली आणि त्याच्या मागे पाहू लागली.

"तो नव्हता," फकिरा म्हणाला.

"उंची तेवढीच आहे म्हने ताराचंदनं फोनवर सांगतलं."

"पाय त्याचे नव्हते."

बेबीबाई त्याच्याकडे पाहत राहिली. बायका ऐकत होत्या, तिला त्याचं भान नव्हतं. "तोंड नव्हतं तं कोन पाहाले येनार होतं?" ती म्हणाली. "मी झाकून ठेवला असता. मी उघडून बी नसतं पाह्यलं. तुमाले परक्याची माय दिसली, इथं मी नाही दिसली? हे पोरगी नाही दिसली?"

"लिल्याची माय..."

"नोका म्हनू मले तसं. लोकाइचे मुडदे काढता नं तुमी! साऱ्या जिल्ह्याचे काढले, आन आपलं एक लेकरू नाही काढता आलं तुमाले."

तिनं गंज दोन्ही हातांनी उचललं आणि तापलेलं पाणी अंगणात ओतून दिलं. बायका पाय वर घेत बाजूला झाल्या. त्या दिवसापासून ती फकिराशी बोलली नाही. ताट त्याच्यासमोर सरकवायची आणि निघून जायची.

फकिराला तिचा राग आला नाही. तिनं म्हटलं ते खरं होतं, आणि म्हणूनच ते सहन होत नव्हतं. तो दोन दिवस एकटाच डोंगा घेऊन फिरला. आता ते शोधणं राहिलं नव्हतं. तो नुसता पाण्यावर बसून राहायचा. एकदा तर नदीला त्यानं आईवरून शिवी दिली आणि मग घाबरून हात जोडले.

सातव्या दिवशी दुपारी टोलीतली माणसं आली. पुढे चंद्रकुमार. हा जातीतला सगळ्यात म्हातारा, कार्यात त्याचा शब्द चालायचा. पडवीत बसले. मग चंद्रकुमार खाकरला.

"फकिरा, राग नोको मानू. सात दिवस झाले, टोलीतलं एक जाळं पान्यात गेलं नाही."

फकिराला हे ठाऊक होतं. नदीत आपल्यातला माणूस असताना ढिवर जाळं टाकत नाहीत, आणि टाकलं तरी त्या पाण्याची मासोळी बाजारात कुणी हातात घेत नाही. जाळी कुंपणांवर वाळत पडली होती.

"कोनी बोलून नाही राहिलं," चंद्रकुमार म्हणाला, "पन लेकरं कोरडा भात खाऊन राहिले. एक तं तो भेटला पाह्यजे, नाही तं त्याची माती झाली पाह्यजे. माह्या लहानपनी एक डाव असं झालतं. पुरात गेल्ता एकजन. तवा पळसाच्या पानाचा मानूस केल्ता. तीनशेसाठ पानं लागतात. त्याची माती केली मंग."

"पानाची माती?" फकिरा म्हणाला. "मी अजून शोधून राहिलो नं."

"आनखी किती दिवस शोधशीन?"

"भेटन तो. आतापर्यंत भेटला नाही असा कोनी नाही."

चंद्रकुमारनं मान खाली घातली. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की तुझ्या गर्वापायी टोली उपाशी ठेवतोस का. तो म्हातारा तसं म्हणाला नाही. पण पडवीतल्या प्रत्येकाच्या मनात तेच होतं, आणि फकिरालाही ते कळत होतं.

तेव्हा आतून ज्योत्सना बाहेर आली. सासऱ्याच्या आणि जातीच्या माणसांच्या समोर ती कधी बोलत नसे. ती उंबऱ्यावरच उभी राहिली, हात पदराखाली.

"मामाजी," ती म्हणाली, "मले रडाचं आहे."

पडवीतल्या माना वर झाल्या.

"सात दिवस झाले, मी रडली नाही. आत्या म्हनतात रडू नोको. माही माय आली, तिच्याजवळ बी नाही रडली. ठान्यातले साहेब म्हने सात वर्षं. सात वर्षं मी अशीच बसू का? तो नाही येत मामाजी. मले ठाऊक आहे तो नाही येत. तुमाले बी ठाऊक आहे. मले एक डाव रडू द्या."

एवढं बोलून ती आत गेली. फकिरा उठला, पडवीच्या खांबाला धरून चंद्रकुमारला म्हणाला, "पानं केव्हा तोडाचे?"

नवव्या दिवशी सकाळी माणूस करायला बसले. ताराचंदनं नाल्यावरून पळसाची पानं आणली होती, भादव्यातली मोठी, हिरवीगार. फकिरानं ओल्या बांबूच्या कमच्या काढल्या. "लांबी किती?" चंद्रकुमारनं विचारलं, तर फकिरा उभा राहिला आणि स्वतःच्या कानाला बोट लावून म्हणाला, "इथवर." कमच्यांचा सांगाडा झाला, त्यावर पानं बांधायला घेतली. तीनशेसाठ पानं लागतात हे चंद्रकुमारला पक्कं ठाऊक होतं, पण कुठं किती लावायची ते मात्र तो विसरला होता. छातीला वीस की तीस, यावर बसलेल्यांत वाद झाला. शेवटी फकिराच म्हणाला, लावा जिकडे उघडं दिसते तिकडे. डोक्याला नारळ बांधला. ज्योत्सनानं आतून लिलाधरचा चौकटीचा शर्ट दिला.

तिरडीवर निजवल्यावर बायकांना बोलावलं. बेबीबाई आली, उभ्यानंच पाहिलं. शर्टाच्या बाहीतून पानांचे देठ बाहेर आलेले. तिनं कुणाला तरी विचारावं तसं विचारलं, "हे का लिल्या आहे?"

"असंच म्हनाचं असते बेबी," चंद्रकुमार म्हणाला. "रड आता. आता रडाले हरकत नाही."

पण सांगून रडू कुठं येतं? बायकांनी सूर लावून पाहिला. रत्नमालानं दोनदा "लिल्या रे" म्हटलं आणि तीही थांबली. ज्योत्सना तिरडीजवळ बसली होती. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज निघत नव्हता. नऊ दिवस दाबून ठेवलेलं आता पानांसमोर बाहेर यायला तयार नव्हतं.

"चला," चंद्रकुमार म्हणाला. "उशीर होऊन राहिला."

चौघांनी तिरडीला हात घातला. पुढे फकिरा आणि ताराचंद. सवयीनं चौघांनीही कंबर कसून जोर लावला, आणि तिरडी काहीच वजन नसल्यानं फटकन वर गेली. मागच्या एकाचा तोल गेला, तिरडी तिरपी झाली आणि नारळ सुटून अंगणात गडगडत गेला. मागे उभ्या एका पोरीला हसू फुटलं आणि तिच्या आईनं तिला चापट मारली. ताराचंद नारळ आणायला धावला.

"खाली ठेवा," फकिरा म्हणाला.

"आता आनखी काय?" चंद्रकुमार म्हणाला.

"खाली ठेवा म्हनतो नं! हे काय मानसाचं वजन आहे?"

त्यानं घरातलं मोठं टोपलं उचललं आणि घाटाकडे चालू लागला. ताराचंद मागोमाग. डोंगा सोडला. जिथं लिल्याचा हात शेवटचा दिसला होता ती जागा ताराचंदनं दाखवली, आणि फकिरानं बांबू खोल रुतवून डोंगा थांबवला. पाणी बरंच उतरलं होतं, तरी गढूळ होतं. सदरा काढून त्यानं टोपल्याला दोर बांधला.

"काका, मी जातो खाली. तुमचा दम नाही पुरनार."

"तू दोर धर," फकिरा म्हणाला.

तो खाली गेला. पहिल्या बुडीला त्याचे हात गाळ उचलायला गेलेच नाहीत. ते चाचपत राहिले, एखादं मनगट, एखादा पाय. दम संपला तेव्हा तो रिकामाच वर आला, डोंग्याला धरून खोकला आणि पुन्हा गेला. दुसऱ्या बुडीला त्यानं ओंजळीनं गाळ भरायला सुरुवात केली. तळाचा काळा, गुळगुळीत, बर्फासारखा थंड गाळ. सात की आठ बुड्या झाल्या. कानांत ठणका लागला, नाकातून रक्त आलं. ताराचंद टोपलं ओढून डोंग्यात रिकामं करत होता आणि रडत होता. फकिरा रडत नव्हता. त्याला काम मिळालं होतं.

दोघांनी तो गाळ अंगणात आणला. फकिरानं लिल्याच्या शर्टाची बटणं काढली, पानं बाजूला केली आणि छातीत गाळ भरू लागला. मग पोट, मग मांड्या.

"फकिरा, शास्त्रात गाळ नाही गा," चंद्रकुमार म्हणाला.

"नऊ दिवस तो याच्यातच निजला आहे," फकिरा वर न पाहता म्हणाला. "हेच लागलं असन त्याच्या अंगाले."

आपल्याकडे जाळायचं नाही, पुरायचं असतं, तेव्हा गाळानं अडतं कुठं, असं चंद्रकुमारनं मनाशी ठरवून टाकलं असावं. थोड्या वेळानं तोही खाली बसला आणि फाटलेली पानं दोऱ्यानं आवळू लागला.

बेबीबाई दारातून पाहत होती. फकिरा जेव्हा जेव्हा कुणाचं प्रेत काढून घरी येई, तेव्हा त्याचे कपडे तिनंच धुतले होते. त्या कपड्यांना नदीच्या तळाचा जो वास यायचा, तोच आता अंगणात पसरला होता. ती जवळ आली. खाली बसली. तिनं हात पुढे केला आणि शर्टाच्या आत, छातीवर ठेवला.

"किती थंडा झाला गा माय," ती म्हणाली.

मग तिनं कुणाकडेही न पाहता सांगितलं, "पानी तापवा. हळद आना."

कुणीतरी धावलं. बेबीबाईनं कोमट पाण्यात हात बुडवून ते छातीवरून फिरवले, हळद लावली, नारळावर थोडा गाळ घेऊन बोटांनी सारखा केला. तिच्या अंगठ्यानं तिथं नकळत नाकाची जागा दाबली गेली. तिनं ते पाहिलं आणि तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती करडीच्या वाटेवरच्या लोकांनी ऐकली. "लिल्या रे! भात तसाच ठेवला रे बापा तुहा!" ज्योत्सना तिरडीवर आडवी पडली. गाळात, पानांत, हळदीत तिचं तोंड माखलं. तिनं दोन्ही हात जमिनीवर आपटले आणि बांगड्या फुटल्या. आता बायकांना सूर लावावा लागला नाही. सगळं अंगण रडत होतं, आणि ज्या माणसांनी नऊ दिवस पावसाच्या गप्पा मारल्या होत्या तीही रडत होती.

बेबीबाईनं मान वर केली. समोर फकिरा बसला होता, कोपरापर्यंत काळा, नाकाखाली रक्त वाळलेलं. तिनं पदर ओला करून त्याचं नाक पुसलं. "आनला तुमी," ती म्हणाली. "आनला माहा लिल्या."

मग तिरडी उचलली. या वेळी चौघांचेही गुडघे वाकले. दांड्या करकरल्या, गाळाचं पाणी पानांतून ठिबकून फकिराच्या मानेवरून पाठीवर उतरू लागलं. अंगणाबाहेर पडेपर्यंतच त्याला धाप लागली.

"काका, सोडा तुमी," ताराचंद म्हणाला. "दुसरा कोनी खांदा देईन. लय जड झाली."

"राहू दे," फकिरा म्हणाला. "जवान पोरगा आहे. जड लागनच."

आणि मग लिल्याचं नाव घेत, सगळ्या टोलीच्या देखत, तो मोठ्यानं रडत चालू लागला.